आरोग्य व्यवस्थापनाचे शिक्षण : प्रवेशाच्या अटी आणि आपली पूर्वतयारी

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या पालकांशी बोलताना एक गोष्ट आम्हांस वारंवार जाणवते. आरोग्यक्षेत्र म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर दोनच व्यक्ती उभ्या राहतात : डॉक्टर आणि परिचारिका. वैद्यकीय प्रवेश हुकला की हे दार बंद झाले, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः रुग्णालय चालते ते केवळ औषधोपचारावर नव्हे. खाटांचे नियोजन, औषधभांडार, यंत्रसामग्रीची खरेदी, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, विम्याचे दावे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी हा सारा कारभार कोणीतरी सांभाळत असते. खेड्यातून आलेला गरीब रुग्ण कागदांअभावी परत पाठवला जातो की त्याला मार्ग दाखवला जातो, हे पुष्कळदा या कारभारावर ठरते. त्या खुर्चीवर आपली मुले बसावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पात्रतेविषयी. आरोग्य अथवा रुग्णालय व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो. त्याची मूळ अट मान्यताप्राप्त विद्यापीठाची किमान तीन वर्षांची पदवी ही होय. बहुतेक ठिकाणी शाखेचे बंधन नसते. कला, वाणिज्य, विज्ञान, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, आयुर्वेद यांपैकी कोणताही पदवीधर पात्र ठरू शकतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही सामान्यतः अर्ज करता येतो.

प्रवेशाचे मार्ग मुख्यत्वे तीन आहेत.

पहिला मार्ग राज्याचा. महाराष्ट्रातील एमबीए महाविद्यालयांसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडून परीक्षा घेतली जाते. अडीच तासांत दोनशे प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातील मागास प्रवर्गांच्या उमेदवारांना ही अट ४५ टक्के आहे.

दुसरा मार्ग केंद्रीय संस्थांचा. मुंबईत देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासन व सार्वजनिक आरोग्य हे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. तेथे आता राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या सीयूईटी-पीजी परीक्षेतून प्रवेश मिळतो. या परीक्षेत ७५ प्रश्न असतात. अचूक उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. येथे अंदाजपंचे उत्तरे देणे महागात पडते. परीक्षेचा अर्ज भरला म्हणजे संस्थेत अर्ज झाला असे नव्हे. संस्थेकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचण्याची सवय लावली, तर ही अडचण दुर्लंघ्य राहत नाही.

तिसरा मार्ग खाजगी अभिमत विद्यापीठांचा. उदाहरणार्थ, पुण्यातील सिंबायोसिसच्या आरोग्यविज्ञान संस्थेत स्नॅप या परीक्षेद्वारे प्रवेश होतो. येथील शुल्क मोठे असते. तेव्हा शिष्यवृत्ती लागू आहे किंवा नाही, हे लेखी विचारूनच पुढे जावे.

आता मुख्य मुद्दा. आमच्या अनुभवानुसार आपली मुले परीक्षेत कमी पडतात त्याहून अधिक कागदांत अडकतात. काही वर्षांपूर्वी शेतमजूर कुटुंबातील आमचा एक विद्यार्थी राज्याच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवून आमच्याकडे आला. ‘सर, अजून काय लागेल?’ असे त्याने विचारले. ‘जातीचा दाखला आहे ना, मग काळजी कशाची?’ असे आम्ही सांगून मोकळे झालो. प्रत्यक्षात राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. तो कला शाखेचा. बारावी विज्ञानाच्या मुलांचे असे प्रस्ताव महाविद्यालयातून जातात, तसा त्याचा गेलाच नव्हता. त्याचे एक वर्ष गेले. त्या वर्षाचा दोष आम्ही स्वतःकडे घेतो.

पडताळणीत नेमके काय लागते, हे म्हणूनच नीट समजून घ्यावे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आपल्या घरांतून १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर अभिमानाने ‘बौद्ध’ अशी नोंद केली. ती योग्यच होती. परंतु जातीचा पुरावा त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या नोंदींत शोधावा लागतो. गावच्या जुन्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद आणि त्यांना जोडणारी वंशावळ हे पुरावे कामी येतात. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या पणजोबांची नोंद अखेर गावच्या शाळेतील मोडी लिपीतल्या रजिस्टरात सापडली. पुढच्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला.

केंद्रीय संस्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना सवलती आधीच दिल्या होत्या. केंद्राच्या पातळीवर बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला तो १९९० मध्ये. केंद्रीय संस्थेत केंद्राच्या विहित नमुन्यातील जात प्रमाणपत्र मागितले जाते. राज्याचा दाखला हाती आहे म्हणून गाफील राहू नये. दोन्ही नमुने वेळेत काढून ठेवावेत. राज्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के व केंद्रात १५ टक्के जागा राखीव आहेत. कागद नसेल तर हा हक्क कागदावरच राहतो.

पैशाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. त्यासाठी चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते हवे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात अवश्य करावी. नियम व तारखा दरवर्षी बदलतात. म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

पालकांना आमची विनंती आहे की, मूल अकरावीत जाताच घरातील जुनी पेटी उघडा आणि आजोबांचा दाखला शोधा. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, आपल्यापैकी जे रुग्णालयांत, बँकांत, तहसील कार्यालयांत कार्यरत आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार या शाळेला द्यावा आणि मुलांचे अर्ज व कागद तपासून पाहावेत. आमच्या एका बेफिकीर उत्तराने एका मुलाचे वर्ष गेले. तसे दुसऱ्याचे जाऊ नये, एवढीच अपेक्षा.