बारावीच्या वर्षी गाव बदलते तेव्हा

आपल्या वस्त्यांमधून बारावीच्या वर्षाला आता मोठे महत्त्व आले आहे आणि ते योग्यच आहे. आई चार घरची धुणीभांडी करते, बाप हमालीला नाहीतर सिक्युरिटीच्या रात्रपाळीला जातो आणि मुलगी मात्र एम.बी.बी.एस.च्या प्रवेशपरीक्षेची पुस्तके मांडून बसते, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. परंतु नेमक्या याच वर्षी काही घरांवर अवघड प्रसंग येतो. वडिलांचा कारखाना बंद पडतो. भाड्याची खोली सोडावी लागते. कुणाची बदली होते, तर कुणाच्या घरी आजारपण येऊन सारे कुटुंब गावाकडे परतते. अकरावी एका गावी झालेली असते आणि बारावीला दुसऱ्याच गावच्या कॉलेजात नाव घालावे लागते. काही पालक तर मुलाचे भले व्हावे म्हणून आपण होऊनच त्याला लातूर, नांदेड किंवा थेट राजस्थानातल्या कोटा शहरी पाठवतात.

अशा वेळी पालक आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, ऐन बारावीला कॉलेज बदललं, आता पोराला चांगल्या ठिकाणी घेतील का?" आमच्यासारख्या सामाजिक काम करणाऱ्यांना हा प्रश्न दरवर्षी जून-जुलैत ऐकावा लागतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

बदलाची भीती नको

प्रथम हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, कॉलेज बदलले एवढ्याच कारणाने आपल्याकडे कोणाचा प्रवेश अडत नाही. डॉक्टरीसाठी 'नीट', आय.आय.टी.साठी 'जेईई' आणि राज्यातील इंजिनिअरिंगसाठी 'एमएचटी-सीईटी' या परीक्षांचे गुण पाहिले जातात. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांतही २०२२ पासून 'सीयूईटी' ही सामाईक परीक्षा सुरू झाली. त्यापूर्वी तेथे बारावीच्या टक्क्यांवरच यादी लागत असे. यांपैकी एकाही ठिकाणी "तू कॉलेज का बदललेस?" असे कोणी विचारत नाही.

शाळा बदलणे आपल्याला नवेही नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. तेव्हा गाव बदलले म्हणजे मुलाचे शिक्षण संपले, असे मानून हातपाय गाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याचा अर्थ बारावीचे गुण बिनकामाचे आहेत असा नव्हे. आय.आय.टी. आणि एन.आय.टी.च्या प्रवेशासाठी बारावीला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास ६५ टक्के गुण हवेत, नाहीतर तो आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असावा लागतो. म्हणून "बारावी नुसती पास झालो की पुरे" हे क्लासवाल्यांचे बोलणे खरे मानू नये.

खरा प्रश्न : बारावी कोणत्या राज्यातून?

कचेरीत फायली हाताळता हाताळता आमचे केस पिकायला लागले. त्या अनुभवावरून सांगतो, माणूस टेबलासमोर उभा असला तरी साहेबाची नजर कागदावर असते. आणि प्रवेशाच्या कागदावर 'बारावी कुठून उत्तीर्ण?' हा रकाना फार वजनाचा आहे.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत बसायचे तर अधिवास महाराष्ट्राचा असून भागत नाही. दहावी आणि बारावी याच राज्यातून उत्तीर्ण व्हावी लागते. बदली झालेल्या काही सरकारी नोकरांच्या मुलांना यातून सूट आहे, पण कारखान्यातल्या कामगाराच्या किंवा रिक्षावाल्याच्या मुलाला ती नाही.

कोट्याला जाणाऱ्या मुलांचे नुकसान येथेच होते. क्लास लावण्यास हरकत नाही. परंतु तिथे अनेकदा 'डमी' शाळेत नाव घालतात. मूल शाळेत जातच नाही, दिवसभर क्लासला असते आणि बारावीची परीक्षा त्या शाळेच्या नावावर देते. सीबीएसईने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा प्रकारावरून दिल्ली आणि राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. म्हणजे तो धोका वेगळाच. पण शाळा अगदी सचोटीची असली तरी गुणपत्रिकेवर राजस्थान येते आणि महाराष्ट्राचा कोटा हातचा जातो.

आमच्या माहितीतल्या एका मुलाचे असेच झाले. वडील गॅरेजमध्ये मेकॅनिक. आईने दागिने मोडले, पतपेढीचे कर्ज काढले आणि मुलाला बारावीसाठी बाहेरच्या राज्यात पाठवले. मुलाने मान मोडून अभ्यास केला. 'नीट'ला गुणही असे मिळाले की, त्या गुणांवर महाराष्ट्रात अनुसूचित जातीची सरकारी जागा मिळत होती. परंतु राज्याच्या यादीत त्याचे नावच लागू शकले नाही, आणि अखिल भारतीय कोट्याची यादी त्याच्या बरीच वर थांबली. मूल हुशार होते, आईबाप कष्टाळू होते. पाठवण्यापूर्वी हा एक नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता. कर्जाचे हप्ते मात्र आजही चालू आहेत.

"मग तिकडच्या राज्याच्या राखीव जागेत घेतील की," असे काही जण म्हणतात. तेही होत नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे नेमके असेच प्रकरण आले होते. आंध्रातील अनुसूचित जमातीचा एक विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत वाढला आणि त्याने मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. न्यायालयाने सांगितले की, एका राज्यात मिळालेला अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. म्हणजे आपला मुलगा राजस्थानातून बारावी झाला तर त्याला इकडच्या कोट्यात जागा नाही आणि तिकडची राखीव जागाही नाही.

इंजिनिअरिंगचे थोडे वेगळे आहे. आय.आय.टी.ला राज्याचा प्रश्नच येत नाही. एन.आय.टी.मध्ये निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांना असतात आणि विद्यार्थ्याचे राज्य ठरते ते बारावी प्रथम जिथून उत्तीर्ण झाला त्यावरून. बारावी महाराष्ट्रातून असेल तर नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.त त्या जागांचा लाभ मिळतो. राजस्थानातून असेल तर तो जयपूरच्या संस्थेत मिळतो. मात्र या केंद्रीय संस्थांमधील अनुसूचित जातीचे आरक्षण कोणत्याही राज्यातून बारावी झाली तरी कायम राहते. राज्यातील इंजिनिअरिंग कॉलेजांत बारावी बाहेरून झालेल्या, पण महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या मुलांनाही अर्ज करता येतो.

राज्याच्या आत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्यांची एक मोठी अडचण दूर झाली आहे. पूर्वी वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागातील मुलांना असत. विदर्भातला मुलगा लातूरला बारावी झाला की तो मराठवाड्याचा धरला जाई. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ही पद्धत बंद केली. म्हणून आज बुलढाण्याची मुलगी बारावीला ठाण्यात आली काय किंवा ठाण्याची मुलगी बुलढाण्याला परतली काय, डॉक्टरीच्या प्रवेशात तिचे नुकसान होत नाही. इंजिनिअरिंगला मात्र बारावीचे कॉलेज कोणत्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे यावरून 'होम युनिव्हर्सिटी' ठरते. त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच निर्णय घ्यावा.

बौद्ध मुलांचे दाखले

आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट अधिक आहे. महाराष्ट्राच्या १३ टक्के आरक्षणात अनुसूचित जाती आणि त्यातून धर्मांतरित झालेले बौद्ध असे दोन्ही येतात. केंद्राच्या सवलती मात्र बौद्धांना १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर मिळू लागल्या. केंद्राच्या यादीत 'बौद्ध' ही जात नाही, कारण तो धर्म आहे. म्हणून आय.आय.टी., एन.आय.टी. किंवा अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो आणि त्यात पूर्वीच्या जातीचा उल्लेख असावा लागतो. हा दाखला आपल्या धम्माशी तडजोड आहे असे कोणी समजू नये. जातीने जे हिरावून घेतले त्याच्या भरपाईसाठी कायद्याला जातीची नोंद लागते, एवढेच.

राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांना जातपडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र, म्हणजे 'व्हॅलिडिटी' लागते. हा कायदा २००१ पासून लागू आहे. गाव बदलणाऱ्यांनी येथे दोन गोष्टी पाहाव्यात. जातीचा दाखला १० ऑगस्ट १९५० रोजी आपले पूर्वज ज्या जिल्ह्यात राहत होते तेथील प्रांत कार्यालयातून निघतो आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते. आज आपण कोठे राहतो यावर ते ठरत नाही. दुसरे, विद्यार्थ्याचा अर्ज कॉलेजच्या प्राचार्यांच्या पत्रासह जातो. कॉलेज सोडण्यापूर्वी अर्ज दाखल झाला असेल तर पावती आणि अर्जाचा क्रमांक जवळ ठेवावा. नसेल तर नव्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात पत्र मागावे. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकातील नोंद, चुलत्याची किंवा आत्याची व्हॅलिडिटी, हे पुरावे गावी गेल्यावर शोधून ठेवले तर ऐन वेळी धावाधाव होत नाही.

कॉलेज सोडण्यापूर्वी

टी.सी. काढण्याआधी नव्या कॉलेजात तेच विषय आहेत ना, हे पाहावे. शहरातल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्ससारखा बायफोकल विषय घेतला असेल आणि तालुक्याच्या कॉलेजात तो नसेल, तर मोठा पेच होतो. सीबीएसईच्या शाळांत बारावीला शाळा बदलण्यास बोर्डाची परवानगी लागते. ती पालकांची बदली किंवा कुटुंबाचे स्थलांतर अशा कारणांसाठीच मिळते, म्हणून कारणाचा लेखी पुरावा ठेवावा. आधी नव्या ठिकाणी जागा आणि परवानगी पक्की करावी आणि मगच जुन्या ठिकाणचा दाखला काढावा.

राज्य मंडळाच्या सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी या प्रत्येक विषयात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. झालेल्या प्रयोगांची जर्नल जुन्या सरांकडून सही करून घ्यावी. अकरावीची गुणपत्रिका, बोनाफाईड आणि टी.सी. यांवरचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे ना, हे उभ्या उभ्या तपासून घ्यावे. शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजमार्फत पुढे जातो, तेव्हा नव्या कॉलेजात तो नव्याने पाहावा लागतो. आणि 'जेईई'चा फॉर्म आधी भरला असेल, तर बारावीच्या ठिकाणाची माहिती दुरुस्तीच्या मुदतीत बदलून घ्यावी.

मुलीचे वर्ष वाया घालवू नका

शेवटी एका गोष्टीकडे पालकांचे लक्ष वेधतो. गाव सोडायची वेळ आली की मुलाची सोय मामाकडे किंवा वसतिगृहात केली जाते. मुलीच्या बाबतीत मात्र "एक वर्ष घरी राहू दे, पुढच्या वर्षी बघू" असे म्हटले जाते. ते पुढचे वर्ष बहुतेक वेळा येत नाही, स्थळ येते. जी मुलगी अकरावीपर्यंत पहिल्या पाचांत होती तिचे शिक्षण कुटुंबाच्या बिऱ्हाडासोबत बांधून टाकणे हा तिच्यावर अन्याय आहे.

कुटुंब गेले तरी मुलगी त्याच शहरात राहून बारावी पूर्ण करू शकते का, याचा विचार आधी व्हावा. समाजकल्याण खात्याची मुलींची वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अकरावी-बारावीपासून तिचा लाभ घेता येतो आणि मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये थेट खात्यात जमा होतात. अर्ज मात्र मुदतीत हवा.

आमची प्रत्येक वस्तीतील विहार समितीला सूचना आहे. जून महिन्यात एका रविवारी वंदनेनंतर दोन तास फक्त बारावीच्या मुलामुलींसाठी ठेवावेत. आपल्यात कोणी कॉलेजात कारकून असतो, कोणी तहसीलमध्ये शिपाई, कोणाची मुलगी मेडिकलला शिकत असते. त्यांना बोलवावे. पालकांनी मुलांचे सगळे दाखले एका पिशवीत घालून आणावेत आणि जाणकारांनी ते एकेक करून पाहावेत. यासाठी वर्गणी लागत नाही. पोटासाठी गाव बदलणे आपल्या हातात नसते, पण मुलांचे कागद पाहून ठेवणे आपल्या हातात आहे.