उलट्या दिशेने वाहिलेली नदी

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांत भिंतीवर हात ठेवला, की तो पडतो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हावर. खालापूरकडे खडीसाठी फुटतो तोही हाच काळा कातळ, बेसॉल्ट. वालुकाश्म मात्र इथे सापडत नाही. वाळूच्या खडकाला गारगोटीचे चिवट कण लागतात. ते बेसॉल्टमध्ये जवळजवळ नसतातच, तो कुजला की त्याची माती होते. शिवाय वाळू साठायला खचत जाणारी जमीन हवी. उल्हास आणि पाताळगंगा तर घाट उतरतात आणि खाडी गाठतात.

तशी खचणारी जमीन राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. नागपूरजवळच्या कामठीपासून चंद्रपूर, सिरोंच्यापर्यंत. तिथे प्रस्तरभंगांच्या मधला भूभाग कोट्यवधी वर्षे हळूहळू खचत राहिला. जेवढा खचला तेवढा नद्यांनी भरला, आणि त्या भाराने आणखी खचला. म्हणजे ते खोरे कुठल्याही एका काळी फार खोल दिसले नसेल, तरी आज त्यातला गाळ काही किलोमीटर जाड आहे! त्यातच गाडल्या गेलेल्या दलदलींचा बल्लारपूर-वणीचा कोळसा झाला. कामठीच्या वालुकाश्मातले पानांचे ठसे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 19व्या शतकाच्या मध्यात गोळा केले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस होते. या झाडाचे ठसे अंटार्क्टिकातही सापडतात, कारण तेव्हा दोन्ही भूमी गोंडवन या महाखंडात जोडलेल्या होत्या.

मला सर्वांत थक्क करतात ते या वालुकाश्मातले तिरके थर. वाहते पाणी तळाच्या वाळूचे उंचवटे करते. कण मागच्या सौम्य उतारावरून वर ढकलले जातात आणि पुढच्या उभ्या उतारावर घसरतात, भाताच्या राशीवर सूपभर दाणे ओतल्यावर ते घरंगळावेत तसे. प्रत्येक घसरणीचा एक तिरका थर उरतो, आणि तो झुकतो प्रवाहाच्या दिशेने. होकायंत्र घेऊन असे शेकडो थर मोजले, की 25 कोटी वर्षांपूर्वी आटलेली नदी कुठे चालली होती ते कळते.

प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातले हे उत्तर मोठे विलक्षण आहे: ती नदी उत्तरेकडे, वायव्येकडे वाहत होती. आजची प्राणहिता दक्षिणेला जाते, गोदावरी आग्नेयेला. त्या जुन्या खडकातून सुटलेला वाळूचा कण आज बंगालच्या उपसागराकडे निघतो, म्हणजे जिकडून आला होता त्याच बाजूला.