मेघदूतांत यमक कां नाहीं?

अध्यापनाच्या ऐन उमेदीच्या काळांत आमच्या वर्गांतील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मेघदूताच्या चरणांना यमक नाहीं, मग ही कविता कशी?" आम्हीं त्याला "आधीं गण मोज" असें दरडावून खालीं बसविलें. खरें पाहतां उत्तर आम्हांलाच ठाऊक नव्हतें. तें सुचावयास फार उशीर झाला. तरी आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

कालिदासाला यमक साधत नव्हतें असें मुळींच नाहीं. रघुवंशाच्या नवव्या सर्गांत त्यानें श्लोकामागून श्लोक यमकांनीं सजविले आहेत. अर्थात् संस्कृतांतील यमक म्हणजे तींच अक्षरें निराळ्या अर्थानें पुन्हां आणणें. मोरोपंतांच्या आर्येंतील अंत्ययमकाहून तें अधिक व्यापक. परंतु दोहोंचा परिणाम एकच. कान चमकतो आणि क्षणभर तेथेंच रमतो. विरही यक्षाला शब्दांची ही चमत्कृति कशी सुचावी?

त्याऐवजीं कवीनें मंदाक्रांता वृत्त घेतलें. चरणांत अक्षरें 17. गण म, भ, न, त, त व शेवटीं दोन गुरु. यति पहिल्या 4, पुढील 6 व शेवटच्या 7 अक्षरांनंतर. आतां हातानें ताल धरून म्हणून पाहावें. पहिलीं चारही अक्षरें गुरु. जणूं पाऊल उचलवत नाहीं. मग पांच लघु एकापाठोपाठ धांवतात. मन अलकेला जाऊन पोहोंचतें. पुढें गुरूंचें ओझें पुन्हां वाढतें व चाल मंदावते. ही चाल प्रत्येक श्लोकांत चार वेळां, आणि शंभराहून अधिक श्लोकांत अखंड येते. मेघदूतांतील खरी पुनरावृत्ति ती हीच. वर्षाच्या शापाचे आठ महिने गेले, चार उरले; आजचा दिवस कालच्यासारखाच. हें सांगावयास याहून योग्य साधन कोणतें?

अर्थही त्याच चालीनें जातो. निरोप तांतडीचा, तरी यक्ष मेघाला वाट वांकडी करून उज्जयिनी पाहावयास सांगतो. शेवटीं, विजेशीं तुझा क्षणभरही असा वियोग न होवो, अशी त्याच्यासाठींच इच्छा करतो.

येत्या आषाढांत घरांतील मुलांना दोन श्लोक मोठ्यानें म्हणून दाखवावे; गण मागाहून मोजावे. आम्हीं त्या मुलाला गण मोजावयास लावले, कविता ऐकविली नाहीं. आतां हें उत्तर त्याच्यापर्यंत कोणता मेघ नेणार?