छेद हरवलेला अपूर्णांक (लेखांक 5)

मागच्या लेखात पटसंख्या गोळा कशी होते ते पाहिले. आज तिच्या खालचा आकडा पाहू. पटनोंदणीचे प्रमाण हा शेवटी एक अपूर्णांक असतो : वर शाळेतली मुले, खाली त्या वयाची देशातली सगळी मुले. अंश शाळा देते. छेद जनगणनेतून येतो आणि दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांत निव्वळ अंदाजातून. भारतात हा अंदाज काही हजारांनी चुकला तरी टक्केवारी जागची हलत नाही. प्रशांत महासागरातल्या तुवालूत ती कोलमडते. नऊ बेटे, लोकसंख्या सुमारे 11,000, तीही निम्म्याहून जास्त राजधानी फुनाफुटीवर. विमान तेवढ्या एका बेटावर उतरते, इतरत्र बोटीनेच जायचे. नुकुलाएलाए बेटावर जेमतेम 300 माणसे आहेत. तिथल्या एखाद्या वर्गात समजा 8 मुले आहेत आणि त्यातले एक आईवडिलांबरोबर फुनाफुटीला गेले, तर पट एकदम साडेबारा टक्क्यांनी घसरतो. ही गळती नव्हे, पण बेरजांच्या तक्त्यात स्थलांतर आणि गळती यांचा चेहरा एकच असतो. जुन्या शाळेने नाव कमी करायचे राहिले, तर तेच मूल दोनदा मोजले जाते. शिवाय ऑस्ट्रेलियाशी 2023 साली झालेल्या आणि 2024 पासून अमलात आलेल्या फालेपिली करारानुसार वर्षाला 280 तुवालूवासीयांना तिकडे राहायला जाता येते. म्हणजे दरवर्षी लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत माणसे छेदातून निघून जाऊ शकतात.

म्हणून एवढ्या छोट्या देशाने टक्केवारी सुधारण्यामागे न लागता प्रत्येक मुलाची नावानिशी नोंद ठेवावी आणि ती जन्मनोंदणीशी जोडावी, असे मला वाटते. जागतिक बँकेच्या मूल्यमापन चौकटीत शैक्षणिक माहिती यंत्रणेला चार कसोट्या लावतात : धोरणाचे पाठबळ, यंत्रणेची बांधणी, माहितीचा दर्जा आणि निर्णयासाठी वापर. क्रम तर्कशुद्ध आहे, पण तुवालूपुरती मी चौथीपासून सुरुवात करीन. कोणता निर्णय घ्यायचा हे ठरले नसेल, तर सॉफ्टवेअर कितीही चांगले असो, त्यात भरलेली माहिती पडूनच राहते.

मुख्याध्यापक प्रत्येक मुलाला ओळखतात, मग नोंद कशाला, असे कोणी विचारेल. ते ओळखतात हे खरेच. पण गेलेले मूल पुढच्या बेटावर शाळेत बसले की नाही, हे त्यांना दिसत नाही, आणि बदली झाली की त्यांची माहितीही त्यांच्याबरोबर जाते. नावे आली की आकडे आपोआप खरे होतात, असेही नाही. 2011 च्या पटपडताळणीत महाराष्ट्रात लाखो विद्यार्थी केवळ कागदावर निघाले, आणि त्या कागदावर नावे होतीच! अनुदान पटाला बांधलेले असेल, तर पट फुगणारच.

गोपनीयतेचा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. 300 वस्तीच्या बेटावर ‘अपंग विद्यार्थी : 1’ असे छापणे म्हणजे त्या मुलाचे नावच छापणे. तेव्हा नोंदवही बंद ठेवावी, बेटवार तपशील छापू नये, आणि शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी टक्केवारी द्यावीच लागेल तिथे शेजारी अंश आणि छेद दोन्ही द्यावेत, छेद कोणत्या वर्षाचा तेही लिहावे. एवढ्याला मोठा विभाग लागत नाही. लागतो तो एक कारकून, शाळा सोडल्याचा दाखला बोटीबरोबरच पुढच्या शाळेत पोचवणारी पद्धत, आणि महिनाभरात तो न पोचल्यास चौकशी करण्याचा अधिकार.