चिपला आधी गारठवतात, मग तापवतात, कशासाठी?

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या परिसरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. शेतातल्या सौरपंपाचा कंट्रोलर अशा उन्हात बंद पेटीत असतो. आतली चिप बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. ती बंद पडली, तर पिकाचं पाणी थांबतं.

म्हणूनच चिप विकण्याआधी तिची थंडीत आणि उष्णतेत चाचणी घेतात. घरगुती वस्तूंमधल्या चिप्ससाठी साधारण ० ते ७० अंश सेल्सिअस, औद्योगिक चिप्ससाठी उणे ४० ते ८५, तर वाहनांमधल्या अनेक चिप्ससाठी उणे ४० ते १२५ अंश ही मर्यादा असते.

अडचण कुठे येते?

चाचणीसाठी वीज सोडली की चिप स्वतःच तापू लागते. यंत्र ८५ अंश दाखवत असेल, तेव्हा चिपच्या आत ९५ अंश असू शकतात. मग चांगली चिपही नापास होते. उलट ती हवी तेवढी तापलीच नाही, तर सदोष चिप पास होऊन बाजारात जाते.

उपाय काय?

अनेक चिप्समध्येच तापमान मोजणारा सेन्सर असतो. त्याचं माप पाहून चिपवर टेकवलेला धातूचा ठोकळा सतत गरम किंवा गार केला जातो. थंडीतल्या चाचणीत कोरडी हवा सोडतात, नाहीतर दव साचून शॉर्टसर्किट होईल.

उन्हात तुमचा फोन संथ होतो ना? तेव्हाही असाच सेन्सर चिपला वेग कमी करायला लावत असतो.