मृगयेचा मनोरथ : शिकारीच्या बेतांचे कागद कसे वाचावे

जुनीं दप्तरें सोडून पाहतांना जमाखर्च, निवाडे, वतनाचे कागद व वंशावळी आपण जपून बाजूस काढतों. परंतु त्याच रुमालांत एका निराळ्या जातीचा कागद असतो, त्याची गणना बहुधा रद्दींत होते. हा कागद शिकारीचा. त्यावर झालेल्या शिकारीची हकीगत असतेच असें नाहीं. पुष्कळदां पुढें करावयाच्या शिकारीचा बेत असतो. कोणत्या महिन्यांत निघावयाचें, कोणत्या पाणवठ्यावर मचाण बांधावयाचें, हाकाऱ्यांस मजुरी काय द्यावयाची, काडतुसें किती लागतील, आणि शेवटीं वाघ, अस्वल, सांबर, गवा अशी मनांतील जनावरांची यादी. या मनोरथांच्या कागदांस ऐतिहासिक मूल्य आहे; मात्र त्यांचा पुरावा कोठवर धरावा हें ठरविल्यावांचून त्यांचा उपयोग करणें धोक्याचें आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढें स्पष्ट करणें हा आहे.

या विचारास पिंपळगांव राजा (ता. खामगांव, जि. बुलढाणा) हें सोईचें ठिकाण आहे. गांव वऱ्हाडच्या पाईनघाटांत आहे. दक्षिणेस बालाघाटचा, म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचा चढ. उत्तरेस पूर्णेचें काळें खोरें ओलांडलें कीं सातपुडा, आणि त्यांत अंबाबरवा, नरनाळा, गाविलगड व मेळघाट. वायव्येस बऱ्हाणपूर. तेथें तापीपलीकडे जैनाबादेस आहुखाना, म्हणजे हरणांसाठीं राखलेली बादशाही शिकारगाह होती. १६३१ सालीं मुमताजमहल बऱ्हाणपुरास वारली तेव्हां तिचें प्रथम दफन याच ठिकाणच्या बागेंत झालें. तेव्हां येथून निघणाऱ्या शिकाऱ्याच्या मनांत कोणत्या वाटा असतील, हें नकाशाच सांगतो.

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘मृगया’ हा शब्द ‘मृग्’ या धातूपासून झाला असून धात्वर्थ शोधणें असा आहे. मारणें हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. अमरकोशांत आच्छोदन, मृगव्य, आखेट व मृगया हे पर्याय एकत्र येतात. आपला ‘पारध’ हा शब्द मात्र ‘पापर्द्धि’ या संस्कृत शब्दापासून प्राकृत ‘पारद्धि’च्या द्वारें आला आहे. पाप आणि ऋद्धि, अर्थात् पापाची वृद्धि, अशी त्याची फोड होते. ‘शिकार’ हा शब्द फारसी. एका क्रियेला तीन नांवें, आणि तीनहि निरनिराळ्या दृष्टींची : एकांत शोध, दुसऱ्यांत दोष, तिसऱ्यांत दरबारी थाट. कागदांत यांपैकीं कोणता शब्द योजिला आहे, हें पाहिल्यास लिहिणाराच्या संस्काराची थोडी कल्पना येते. परंतु केवळ तेवढ्यावरून कालनिर्णय करूं नये.

शास्त्रग्रंथांतहि ही द्विधा वृत्ति आहे. मनूनें कामज व्यसनें दहा सांगितलीं, त्यांत पहिलें नांव मृगयेचें. कौटिल्यानें द्यूत आणि मृगया यांत अधिक वाईट कोणतें, हा वाद मांडला आहे. पिशुनाच्या मतें मृगया वाईट. कारण तींत चोर, शत्रु, श्वापदें, वणवा, दिशाभूल, भूक व तहान यांचें भय आहे. कौटिल्य तें अमान्य करतो. मृगयेनें व्यायाम घडतो, मेद झडतो, चल व स्थिर लक्ष्याचा वेध साधतो आणि जनावरांच्या चित्तवृत्ति कळतात, असें त्याचें म्हणणें. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेची जी स्तुति करतो ती याच विचाराची आहे. उलट रघुवंशाच्या नवव्या सर्गांत दशरथाची मृगया मुनिपुत्राच्या मरणांत संपते. याच कौटिल्यानें राजासाठीं जें मृगवन सांगितलें, त्याला एकच द्वार, भोंवतीं खंदक, आंत उथळ जलाशय व कांटे नसलेले वृक्ष असावेत, आणि व्याघ्रादि हिंस्र पशूंचीं नखें व दाढा काढून टाकलेल्या असाव्यात. ही बिनधोक मृगया! मनोरथ किती सोईचा असूं शकतो याचें याहून जुनें उदाहरण क्वचितच मिळेल.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत शके १०५१ (इ. स. ११२९) चा उल्लेख आहे. त्याचे शंभर अध्याय पांच विंशतींत वांटलेले असून चौथ्या विंशतींत श्वानांचा, श्येनाचा, मत्स्यांचा व मृगयेचा असे विनोद वर्णिले आहेत. शिकवलेल्या चित्त्यांकडून हरणें धरविण्याचा भारतीय वाङ्मयांतील फार जुना उल्लेख येथलाच मानतात. गायकवाड प्राच्यमालेंत गो. कृ. श्रीगोंदेकर यांनीं हा ग्रंथ संपादिला. याच ग्रंथाचें दुसरें नांव ‘अभिलषितार्थचिंतामणि’, म्हणजे इच्छिलें तें देणारा मणि, असें आहे. सोळाव्या शतकांतील कूर्माचलाचा राजा रुद्रदेव याचें ‘श्यैनिकशास्त्र’ १९१० सालीं हरप्रसाद शास्त्री यांनीं प्रसिद्ध केलें. हंसदेव या जैन पंडिताच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’चें इंग्रजी भाषांतर १९२७ सालीं निघालें, आणि पुढें मारुति चितमपल्ली यांनीं तें मराठींत आणिलें. पहिले दोन ग्रंथ मृगयेस सजवितात. तिसरा जनावरांचे भेद, वर्ण व स्वभाव पाहतो. शोध या धात्वर्थास तोच अधिक जवळ आहे.

आतां मुख्य प्रश्न. या सर्वांतून इतिहास कोणता घ्यावा? माझ्या मतें याची किल्ली क्रियापदांत आहे. शिकारीच्या लिखाणाचे तीन वर्ग पडतात. जेथें ‘करावें’, ‘असावें’ असा विध्यर्थ आहे तें शास्त्र. जेथें ‘जाऊं’, ‘मारूं’, ‘लागतील’ असा भविष्यकाळ आहे तो बेत. आणि जेथें ‘गेलों’, ‘मारिलें’ असा भूतकाळ आहे तें टिपण. शास्त्रावरून आदर्श कळतो, बेतावरून अपेक्षा कळते, टिपणावरून घटना कळते. एका वर्गाचें काम दुसऱ्याकडून करवून घेणें हाच सर्व घोटाळ्यांचा उगम होय.

टिपणाचें ठळक उदाहरण जहांगीर बादशहाचें. वयाच्या बाराव्या वर्षापासून पुढें आपल्या समक्ष २८,५३२ जनावरें मारलीं गेलीं व त्यांपैकीं १७,१६७ स्वतःच्या हातचीं, असा हिशेब त्यानें आपल्या आत्मचरित्रांत दिला आहे. अकबराचें उदाहरण बेत व घटना यांतील अंतर दाखवितें. १५६७ सालीं लाहोरजवळ त्यानें कमर्गा, म्हणजे चोहोंकडून जनावरें वेढून आणण्याची प्रचंड शिकार केली. तशीच तयारी १५७८ सालीं भेऱ्याजवळ झाली. वेढा जुळत आला, आणि बादशहानें एकाएकीं शिकार थांबवून जनावरें सोडून देवविलीं. केवळ तयारीचे हुकूम उरले असते, तर तेथें मोठी कत्तल झाली असें आपण खुशाल लिहिलें असतें.

आपल्याच डोंगररांगेंतील गोष्ट घ्या. २८ व्या घोडदळांतील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी १८१९ च्या एप्रिलांत अजिंठ्याच्या बाजूस वाघाच्या शिकारीस गेला होता. त्याचा बेत वाघाचा. दृष्टीस पडलीं तीं लेणीं. दहाव्या लेण्यांतील खांबावर त्यानें नांव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. चित्रावर असें कोरणें निंद्यच. पण त्यामुळेंच दिवस निश्चित झाला. शिकारीचा बेत चुकला तरी इतिहासास केवढा लाभ होऊं शकतो, याचा हा पुरावा.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें राखीव जंगलें होऊन शिकारीसाठीं त्यांचे भाग, म्हणजे ब्लॉक, पाडण्यांत आले. ठराविक मुदतीचा परवाना मिळे, व कोणतें जनावर किती मारावयाचें हें त्यांत नमूद असे. त्यामुळें या काळच्या बेतांत पाणवठ्यांचीं व नाल्यांचीं स्थानिक नांवें, वाटा, मजुरी आणि वाटाड्यांचे गांव हे तपशील विश्वसनीय असतात. कारण त्यांवांचून बेतच होत नाहीं. जनावरांची यादी मात्र आशेची असते. त्यांतहि ‘चित्ता’ शब्दावर विशेष नजर ठेवावी. मराठींत बिबट्यालाहि सैलपणें चित्ता म्हणतात. शिवाय कोल्हापूर संस्थानांत शिकारीसाठीं आफ्रिकेंतून चित्ते आणून पाळले होते. म्हणून तेथील छायाचित्र हा रानांतील चित्त्याचा पुरावा नव्हे. देशांतील शेवटचे मानलेले तीन चित्ते १९४७ सालीं कोरिया संस्थानांत मारले गेले, आणि १९५२ सालीं चित्ता नामशेष झाल्याचें जाहीर झालें. २०२२ सालीं कुनोस आणलेले चित्ते नामिबियांतील आहेत.

वाघाच्या शिकारीस १९७० सालीं देशभर बंदी झाली, १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीच्या परवान्यांची पद्धतच संपली. संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दप्तराबरोबर कातडें, नखें अथवा शिंगें दाखविलीं गेल्यास कागद पाहावा व त्या वस्तूंस हात घालूं नये. अशा वस्तूंची खरेदीविक्री हा गुन्हा असून ज्याच्या घरीं त्या असतील त्याजपाशीं मालकीचा सरकारी दाखला असावा लागतो. कागदास अशी आडकाठी नाहीं.

मृगया बंद झाली तरी शोध बंद झालेला नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतला एक तरुण वाघ, वनखात्याच्या भाषेंत टी-१ सी-१, गळ्यांत रेडिओ-पट्टा घेऊन जून २०१९ मध्यें निघाला. महाराष्ट्र व तेलंगण यांतील जिल्हे ओलांडीत सुमारें १,३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. पुढें अजिंठ्याच्या रांगेनें फिरून त्याची एकूण वाटचाल ३,००० किलोमीटरांवर गेली. भक्ष्य, प्रदेश व जोडीदारीण यांचा हा शोध होता असें तज्ज्ञ मानतात. ज्ञानगंगेचें क्षेत्र अवघें २०५ चौरस किलोमीटर. एवढा वाघ एवढ्या लांबून आला, तर पूर्वीं अशा वाटा कोठून जात होत्या, मधलीं रानें केव्हां तुटलीं, कोणते पाणवठे आटले, हे प्रश्न आज वनशास्त्रज्ञांस पडतात. त्यांचीं कांहीं उत्तरें शिकाऱ्यांच्या त्या रद्दींतल्या बेतांत आहेत, कारण पाणवठ्यांचीं नांवें तेथेंच लिहिलेलीं आहेत. आणि रद्दीवाला आपल्या आधीं पोंचला तर तीं मिळणार नाहींत.

यास्तव वाचकांस विनंति कीं, असा कागद आढळल्यास त्याची नक्कल करावी, क्रियापदें जशींच्या तशीं ठेवावींत, स्थलनामें आधुनिक करूं नयेत, आणि तो शास्त्र, बेत कीं टिपण हें समासांत लिहून ठेवावें. पुढील काम त्यावरून होईल.