समूह-मानसोपचार आणि छापील शब्द

षट्कर्णी झालेली गोष्ट गुप्त राहत नाहीं, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे कीं, घरांत नाजुक बोलणें चालू असतां तिसरें माणूस आलें म्हणजे बोलणारे आपोआप थांबतात. मनाच्या व्यथेच्या बाबतींत तर हा संकोच अधिकच असतो. असें असूनही गेल्या शतकांत मानसोपचाराची अशी एक पद्धति रूढ झाली आहे कीं, तींत दुःख सहाच नव्हे, तर सोळा-अठरा कानांसमोर मुद्दाम मांडलें जातें. सातआठ रोगी व एक चिकित्सक ठराविक दिवशीं, ठराविक वेळीं एकत्र बसतात. एकानें बोलावें, दुसऱ्यानें त्यास उत्तर द्यावें, तिसऱ्यास त्यांत आपलेंच घर दिसावें, आणि या परस्परव्यवहारांतूनच प्रत्येकाच्या मनास उतार पडावा, अशी ही योजना आहे. तिला समूह-मानसोपचार म्हणतात.

खोलींत बोललेलें खोलीबाहेर जाऊं नये, ही या उपचाराची पहिली अट. उलट, कोणताही उपचार शास्त्र या पदवीस पोंचावयाचा, तर त्याची हकीकत छापली गेली पाहिजे. ती इतरांनीं वाचली, पडताळली व प्रसंगीं खोडून काढली पाहिजे. गुप्तता पाळावी तर ज्ञान वाढत नाहीं, आणि सर्व सांगावें तर ज्या विश्वासावर उपचार उभा, तो विश्वासच ढासळतो. समूह-मानसोपचाराच्या नियतकालिकांचा व ग्रंथांचा इतिहास हा बऱ्याच अंशीं या पेचाचा इतिहास आहे.

त्याचा प्रारंभ झाला तो मनोरोग्यांपासून नव्हे, तर क्षयरोग्यांपासून. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं जोसेफ हर्सी प्रॅट या डॉक्टरांनीं १९०५ सालीं गरीब क्षयरोग्यांचा एक 'वर्ग' सुरू केला. त्या काळीं क्षयावर गुणकारी औषध नव्हतें. विश्रांति, पौष्टिक आहार व मोकळी हवा हाच काय तो उपाय, आणि आरोग्यधामाचा खर्च गरिबाच्या आवांक्याबाहेरचा. तेव्हां रोग्यानें घरींच राहून नियम पाळावे, आपला ताप, आहार व विश्रांति यांची रोजची नोंद वहींत करावी, आणि आठवड्यांतून एकदां सर्वांनीं एकत्र येऊन त्या वह्या दाखवाव्या, अशी व्यवस्था त्यांनीं केली. एकाचें वजन वाढलेलें पाहून दुसऱ्यास हुरूप येई. औषध नसलेल्या रोगांत सोबत हेंच एक औषध ठरूं शकतें, असें दिसून आलें. १९०७ मध्यें अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत प्रॅट यांनीं ही हकीकत प्रसिद्ध केली. एका रोगासाठीं लिहिलेला तो लेख पुढें दुसऱ्याच शास्त्राच्या आद्य लेखांत गणला गेला. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या वर्गाची मूळ नोंद रोग्यांच्या स्वतःच्या हातची होती.

पुढील वीस वर्षांत या विषयास स्वतःचें घर नव्हतें; जेथें जागा मिळेल तेथें तो पाहुण्यासारखा राहिला. वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयांत एडवर्ड लॅझेल यांनीं गंभीर मनोरुग्णांस एकत्र बसवून व्याख्यानें दिलीं व १९२१ मध्यें तो अनुभव 'सायकोअॅनलिटिक रिव्ह्यू'मध्यें छापला. जे रोगी कांहींच ऐकत नाहींत असें वाटे, त्यांच्याही कानांवरून शब्द वायां जात नव्हते, असें त्यांना आढळलें. त्याच नियतकालिकांत १९२७ सालीं ट्रिगंट बरो यांचा समूह-विश्लेषणावरील लेख आला. बरो हे मनोविश्लेषणाचे प्रतिष्ठित पुरस्कर्ते. त्यांच्या एका शिष्यानें त्यांना आव्हान दिलें कीं, विश्लेषक व विश्लेषण करून घेणारा यांनीं जागांची अदलाबदल करून पाहावी. तसें करतांच बरो यांना उमगलें कीं, उच्चासनावर बसून दुसऱ्याचें मन वाचणाऱ्याची दृष्टि त्या आसनामुळेंच बिघडते; म्हणून समूहांत प्रत्येकानेंच निरीक्षक व निरीक्ष्य व्हावें. हें मत त्यांच्या बंधुवर्गास मानवलें नाहीं. ज्या अमेरिकन मनोविश्लेषण संस्थेचे ते एकेकाळीं अध्यक्ष होते, तिचें सदस्यत्व १९३३ मध्यें त्यांच्याकडे उरलें नाहीं. परंतु छापलेला लेख ग्रंथालयांत राहिला, आणि पुढच्या पिढीस तो तेथें सांपडला.

स्वतःचें घर बांधण्याची हिंमत प्रथम केली ती जेकब मोरेनो यांनीं. बुखारेस्ट येथें जन्मलेले व व्हिएन्नांत वाढलेले हे डॉक्टर १९२५ मध्यें अमेरिकेस गेले. नाट्याच्या साह्यानें मनाची गांठ सोडविण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. 'समूह-मानसोपचार' ही संज्ञा १९३२ च्या सुमारास त्यांनींच चलनांत आणली, असें सामान्यतः मानतात. दुसऱ्याच्या दारीं लेख पाठवून वाट पाहणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. १९३७ मध्यें त्यांनीं 'सोशिऑमेट्री' हें नियतकालिक काढलें, स्वतःची प्रकाशनसंस्था चालविली, आणि १९४७ मध्यें 'सोशिएट्री' नांवाचें दुसरें नियतकालिक सुरू केलें. त्याचेंच नांव पुढें 'ग्रुप सायकोथेरपी' झालें. लेखक, संपादक व प्रकाशक एकच, अशा व्यवस्थेंत नव्या कल्पनेस तत्काळ वाट मिळते. परंतु तीस अटकाव करणारा कोणी जवळ राहत नाहीं, हा तिचा दोष.

त्यांचे प्रतिस्पर्धी सॅम्युएल स्लाव्हसन हे शिक्षणानें अभियंते, डॉक्टर नव्हेत. न्यूयॉर्कमध्यें १९३४ पासून त्यांनीं बावरलेल्या किंवा दांडगट मुलांचे छोटे गट करून त्यांना हत्यारें, रंग, माती असें साहित्य द्यावें, व मोठ्या माणसानें शक्य तितकें कमी मध्यें पडावें, असा प्रयोग चालविला. १९४२ मध्यें या दोघांनीं दोन स्वतंत्र संस्था काढल्या, आणि १९५१ मध्यें स्लाव्हसन यांच्या संपादकत्वाखालीं 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ग्रुप सायकोथेरपी' निघालें. तें आजही चालू आहे. माणसांना एकत्र बसविण्याचें शास्त्र सांगणारे हे दोन धुरीण एकमेकांशेजारीं सुखानें बसूं शकले नाहींत, यांत विनोद आहे खरा. तथापि त्यांच्या चढाओढीमुळें एका विषयास दोन व्यासपीठें मिळालीं.

अमेरिकेंत ही चढाओढ चालू असतांना इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धानें वेगळाच प्रसंग आणला. मनानें खचलेले सैनिक शेंकड्यांनीं रुग्णालयांत येऊं लागले आणि एकेकास तासन्‌तास देण्याइतके चिकित्सक उपलब्ध नव्हते. बर्मिंगहॅमजवळील नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयांत विल्फ्रेड बियॉन यांजकडे एक विभाग देण्यांत आला. बियॉन यांचा जन्म १८९७ चा, आपल्या मथुरेचा. त्यांनीं प्रत्येक सैनिकास कोणत्यातरी कामाच्या गटांत सामील होण्यास सांगितलें व रोज सर्वांची अर्ध्या तासाची सभा ठेविली. सैनिक तक्रार घेऊन येत, तेव्हां तोडगा देण्याऐवजीं ते त्यांना त्या तक्रारीचाच अभ्यास करावयास लावीत. हा प्रयोग सहा आठवड्यांतच वरिष्ठांनीं बंद केला. बंद पडलेल्या प्रयोगाबद्दल सहसा कोणी लिहीत नाहीं. पण बियॉन व त्यांचे सहकारी जॉन रिकमन यांनीं नोव्हेंबर १९४३ मध्यें 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकांत त्याचा वृत्तांत छापला. सहा आठवडे चाललेला तो प्रयोग त्या लेखामुळें आज ऐशीं वर्षांनंतरही अभ्यासिला जातो.

त्याच नॉर्थफील्डमध्यें पुढें सिगमुंड हाइनरिख फोक्स यांनीं काम केलें. जर्मनींतून इंग्लंडांत आलेल्या या चिकित्सकांनीं ईव्ह लुइस यांच्यासह १९४४ मध्यें समूह-विश्लेषणावर लेख प्रसिद्ध केला. १९४६ मध्यें तर अमेरिकेंतील मेनिंजर क्लिनिकच्या नियतकालिकानें एक संपूर्ण अंक नॉर्थफील्डला वाहिला, आणि रुग्णालय हीच एक उपचार करणारी वस्ती होऊं शकते, हा विचार टॉम मेन यांच्या लेखाद्वारां त्यांतूनच सर्वत्र गेला. बियॉन यांचे समूहविषयक लेख १९४८ ते १९५१ या काळांत 'ह्यूमन रिलेशन्स'मध्यें क्रमशः आले व १९६१ मध्यें ग्रंथरूप झाले. फोक्स यांनीं १९६७ मध्यें जें पत्रक काढलें, तें तर आरंभीं निरनिराळ्या देशांतील चिकित्सकांचा पत्रव्यवहारच होतें. त्यांतूनच आजचें 'ग्रुप अॅनलिसिस' हें नियतकालिक वाढलें.

इतकें वाङ्मय सांचल्यावर त्याची चाळणी करणें प्राप्त झालें. १९५५ मध्यें रेमंड कोर्सिनी व बिना रोझेनबर्ग यांनीं सुमारें तीनशें लेख तपासून, समूहांत माणसास गुण कशानें येतो याविषयींचीं विखुरलेलीं विधानें नऊ वर्गांत बसविलीं. इतरांनीं आपणांस स्वीकारणें, आपल्यासारखे अन्यही आहेत असें कळणें, दुसऱ्याच्या उपयोगी पडणें, दुसऱ्याचा उपचार नुसता पाहूनही शिकणें, असे ते वर्ग आहेत. अर्व्हिन यालोम यांच्या १९७० मधील ग्रंथानें हा धागा पुढें नेला. त्याची सहावी आवृत्ति २०२० मध्यें निघाली. विखुरलेल्या लेखांतून चिकित्सकाच्या हातीं देतां येईल असें ज्ञान कसें तयार होतें, याचें हें चांगलें उदाहरण होय.

येथें मूळचा पेच पुन्हां पुढें येतो. हे बहुतेक लेख लिहिले कोणीं? चिकित्सकांनीं. आणि खोलींत काय घडलें हें एकट्या चिकित्सकास कितपत कळतें? मॉर्टन लीबरमन, यालोम व मॅथ्यू माइल्स यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या मुक्त-संवाद गटांचा अभ्यास करून १९७३ मध्यें त्यावर ग्रंथ छापला. या गटांमुळें कांहीं सभासदांस टिकाऊ मानसिक इजा झाली होती, हें त्यांनीं उघड केलें. विशेष म्हणजे ज्यांना इजा झाली, त्यांची ओळख गटाच्या नेत्यांपेक्षां बरोबरीच्या सभासदांनाच अधिक चांगली होती. ज्या हकीकती केवळ नेत्यांनीं लिहिल्या, त्यांत अपयश कां दिसत नाहीं, याचें एक कारण येथें सांपडतें. यालोम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ मध्यें वर्णिलेली एक रीत या दृष्टीनें बोलकी आहे. प्रत्येक बैठकीनंतर चिकित्सकानें तिचा सारांश लिहून तो सर्व सभासदांस टपालानें पाठवावा, अशी ती रीत. ज्यांच्याविषयीं लिहिलें, तेच पहिले वाचक झाले, आणि चुकलें असल्यास तसें सांगण्याची संधि त्यांना मिळाली.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. एका रोग्याची हकीकत छापावयाची तर त्याची संमति पुरते. समूहाचें तसें नाहीं. एका स्त्रीनें आपली कथा छापण्यास परवानगी दिली, तरी तिला उत्तर देणाऱ्या सहा जणांचीं वाक्यें तिचीं नव्हेत. शिवाय बाहेरचा वाचक ओळखणार नाहीं, इतकें पुरत नाहीं. आंतला सोबती ओळखणारच. पूर्वी यावर उपाय म्हणून लेखक नांव, गांव, धंदा बदलून टाकीत. शिंप्याचा कारकून करीत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनें १९९५ मध्यें या वहिवाटीस आळा घातला. अनावश्यक तपशील गाळावा, ओळख पटण्याजोगें कांहीं उरत असल्यास रोग्यास मजकूर दाखवून लेखी संमति घ्यावी, परंतु ओळख लपविण्यासाठीं तपशील खोटा करूं नये, असा दंडक तिनें घातला. कारण शिंपी व कारकून यांचीं दुःखें एकच नसतात. तपशील बदलला कीं पुरावाही बदलतो. त्यामुळें काळजीपूर्वक लिहिणारा आज थोडें सांगतो. पण जें सांगतो तें खरें सांगतो.

याची दुसरी बाजूही विसरतां येत नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं रोग्यांच्या नातलगांस आवारांत तंबू देऊन रोग्यांसोबत राहविलें, व त्या सर्वांशीं एकत्र बोलण्याचा परिपाठ ठेविला. भारतीय कुटुंबास उपचारांत सामील करून घेणारा हा प्रयोग मोठ्या मोलाचा होता. परंतु ते स्वतः फार थोडें लिहिते झाले, आणि म्हणून जें त्यांना ठाऊक होतें, त्यांतील पुष्कळसें इतरांच्या आठवणींवर विसंबून राहिलें. न लिहिण्यानेंही रोग्याचें नुकसान होतें. फक्त तो रोगी पुढच्या काळांतला असतो.

सुशिक्षित कुटुंबांस या उपचारासंबंधीं वाचण्याचा किंवा निर्णय घेण्याचा प्रसंग आतां वारंवार येतो. अशा वेळीं हातांतील लेखास तीन प्रश्न विचारावे. यांत ज्यांना गुण आला नाहीं त्यांचा उल्लेख आहे काय? हकीकत चिकित्सक एकटाच सांगत आहे, कीं गटांतील माणसांसही विचारलें आहे? आणि ज्यांचें दुःख येथें छापलें, त्यांची संमति घेतली होती काय? या तिन्हींचीं उत्तरें ज्या लेखांत सांपडतील, त्याच्यावर अधिक भरंवसा ठेवावा. प्रॅट यांच्या वर्गांत रोगी आपली वही आपल्या हातानें लिहून सर्वांपुढें ठेवीत असे. शास्त्र पुष्कळ पुढें गेलें. तथापि रोग्याची संमति व त्याचा स्वतःचा शब्द यांवांचून समूहाची कोणतीही नोंद पुरी होत नाहीं.